सीएनसी मशीनवरचे कौशल्य: ते नेमके काय असते आणि कुठे शिकता येते

चाकणच्या एखाद्या कारखान्यात गाडीच्या यंत्रणेसाठी पोलादी शाफ्ट तयार होतो आणि तो ज्या भोकात बसायचा असतो, ते भोक असलेला भाग कोल्हापूरच्या किंवा नाशिकच्या दुसऱ्याच कारखान्यात तयार होतो. दोन्हीकडच्या कामगारांची एकमेकांशी कधी गाठ पडत नाही. तरीही जुळणीच्या वेळी ढिगातला कोणताही शाफ्ट उचलून कोणत्याही भोकात सरकवला, तर तो हाताच्या दाबाने अलगद आत गेला पाहिजे आणि आत गेल्यावर डगडगता कामा नये. हे साधण्यासाठी ड्रॉइंगवर दोन्ही भागांच्या मापांच्या मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. नेहमीच्या वापरातली एक जोडी सांगायची तर भोकाचा व्यास २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर आणि शाफ्टचा व्यास २४.९८७ ते २५.००० मिलिमीटर. याचा अर्थ शाफ्ट बनवणाऱ्याला चुकण्यासाठी एकूण १३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे १३ हजारांश एवढीच जागा असते. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या जागेची कल्पना यावी.

पूर्वी हे काम हाताने चालणाऱ्या लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून तो कापणाऱ्या यंत्रावर, कसलेला टर्नर (लेथचा कारागीर) करीत असे. आज ते बहुतांश ठिकाणी सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीनुसार चालणाऱ्या यंत्रावर होते. त्यामुळे अनेक पालकांचा असा समज झालेला असतो की आता माणसाला बटण दाबण्यापलीकडे काही उरलेले नाही आणि म्हणून या क्षेत्रात मुलाला किंवा मुलीला पाठवण्यात अर्थ नाही. हा समज मला फार नुकसानकारक वाटतो. बटण दाबण्याचे काम खरोखरच आहे, आणि चुकीच्या प्रशिक्षणामुळे कितीतरी तरुण तेवढ्यावरच अडकून पडतात. परंतु त्या बटणाच्या आधी आणि नंतर जे निर्णय घ्यावे लागतात, ते घेणारा माणूस तयार व्हायला आजही काही वर्षे लागतात. ते निर्णय कोणते आणि ते शिकवणारे प्रशिक्षण कसे ओळखावे, हे या लेखात मांडायचे आहे.

मशीनला काय कळते आणि काय कळत नाही

सीएनसीची मूळ कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली आकड्यांच्या आज्ञांवर चालणारे पहिले मिलिंग मशीन (फिरत्या हत्याराने धातू कापणारे यंत्र) दाखवण्यात आले. त्या वेळी आज्ञा कागदी पट्टीवरील छिद्रांच्या रूपात दिल्या जात, आज त्या यंत्राच्या स्मृतीत साठवलेल्या असतात. लेथवर साधारणपणे दोन दिशा असतात. एक्स ही व्यासाची दिशा आणि झेड ही लांबीची. व्हर्टिकल मशीनिंग सेंटरवर, ज्याला शॉप फ्लोअरवर, म्हणजे कारखान्यात जिथे मशीन चालतात तिथे, सगळे व्हीएमसी म्हणतात, एक्स, वाय आणि झेड अशा तीन दिशा असतात. 'जी ०० म्हणजे हवेतून वेगाने जा', 'जी ०१ म्हणजे सरळ रेषेत कापत जा', 'जी ०२ आणि जी ०३ म्हणजे वर्तुळाकार कंसात कापत जा', 'एम ०३ म्हणजे स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) सुरू कर', 'एम ०८ म्हणजे कूलंट (थंड ठेवणारा द्रव) सोड', 'एम ३० म्हणजे प्रोग्राम संपला' अशा ओळींनी प्रोग्राम बनतो. ही भाषा अवघड नाही. गणिताची थोडी आवड असलेला विद्यार्थी तिचा पाया काही आठवड्यांत आत्मसात करू शकतो.

अवघड भाग पुढे आहे. मशीनला सांगितलेल्या जागी टूल, म्हणजे कापणारे हत्यार, नेता येते, परंतु त्या जागी पोहोचल्यावर प्रत्यक्षात काय घडते, हे साध्या मशीनला कळत नाही. टूलच्या टोकावरचे कार्बाइडचे इन्सर्ट (बदलता येणारे कापणारे पाते) किती झिजले आहे, चकमध्ये, म्हणजे जबड्यांच्या पकडीत, जॉब (ज्यावर काम चालू आहे तो धातूचा तुकडा) नीट पकडला गेला आहे की किंचित वाकडा बसला आहे, या वेळी आलेला पोलादाचा लॉट मागच्या लॉटपेक्षा कडक आहे का, पातळ भिंतीचा जॉब जबड्यांच्या दाबाने दबला आहे का, हे माणसाने ओळखायचे असते. कापताना येणारा आवाज, निघणाऱ्या चिपचा, म्हणजे धातूच्या किसाचा, आकार आणि रंग, कापलेल्या पृष्ठभागावरची चमक किंवा थरथरीच्या खुणा ही त्याची साधने असतात. चिप लांबलचक दोऱ्यासारखी निघून टूलभोवती गुंडाळू लागली, तर फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) किंवा कापाची खोली बदलावी लागते, किंवा चिप तोडणाऱ्या वेगळ्या आकाराचे इन्सर्ट लावावे लागते. पुस्तक वाचून यातील नियम कळतात, परंतु कोणत्या वेळी कोणता नियम लागू करायचा हे मशीनसमोर उभे राहूनच कळते.

ऑफसेटचे, म्हणजे टूलच्या जागेत आकड्याने करायच्या दुरुस्तीचे, उदाहरण पाहू. वर सांगितलेल्या शाफ्टचे माप २४.९९३ च्या आसपास ठेवायचे आहे, असे समजा. शंभर जॉब ठीक निघाले आणि त्यानंतरचा जॉब मायक्रोमीटरवर २५.०१८ दाखवू लागला. उपाय वरवर सोपा दिसतो. मशीनच्या ऑफसेटच्या पानावर त्या टूलच्या एक्स दिशेला वजा ०.०२५ ही दुरुस्ती भरायची, की पुढचा जॉब मापात येतो. परंतु जाणकार सेटर दुरुस्ती भरण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःला विचारतो. माप हळूहळू सरकत आले की एकाच जॉबमध्ये एवढी उडी मारली? हळूहळू सरकले असेल तर ती इन्सर्टची नेहमीची झीज आहे. एकदम उडी मारली असेल तर इन्सर्टचा कोपरा तुटलेला असू शकतो, त्याच्या बैठकीत बारीक चिप अडकलेली असू शकते किंवा मोजण्यातच चूक झालेली असू शकते. तुटलेल्या कोपऱ्यावर दुरुस्ती भरली तर पुढचा जॉब कदाचित मापात येईल, पण त्याचा पृष्ठभाग खराब होईल आणि त्यापुढचे दहा जॉब कुठे जातील याचा भरवसा राहणार नाही.

त्यातच तापमानाचा प्रश्न असतो. जगभर मापे २० अंश सेल्सिअस या तापमानाला धरून दिलेली असतात. पोलाद प्रत्येक मीटरमागे, प्रत्येक अंशाला सुमारे साडेअकरा मायक्रॉन प्रसरण पावते. म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाचा जॉब मशीनमधून काढताच मोजला आणि तो मोजण्याच्या उपकरणापेक्षा दहा अंशांनी गरम असला, तर माप सुमारे तीन मायक्रॉनने मोठे दिसते. एकूण जागा १३ मायक्रॉनची असताना हा फरक जवळपास पाव हिश्शाचा होतो. उन्हाळ्यात जेव्हा शॉप फ्लोअरचे तापमान ४० अंशांवर जाते, तेव्हा पोलादी जॉब आणि पोलादी मायक्रोमीटर दोघेही जवळपास सारखेच प्रसरण पावतात आणि चूक बरीचशी आपोआप फिटते. ॲल्युमिनियमच्या जॉबला मात्र ही सवलत मिळत नाही, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट प्रसरण पावते. १०० मिलिमीटर लांबीच्या ॲल्युमिनियमच्या जॉबवर २० अंशांच्या फरकाने पोलादी उपकरणाच्या तुलनेत वीसहून अधिक मायक्रॉनचा फरक पडू शकतो. ज्याला हे कधी कोणी समजावून सांगितलेले नाही, तो कामगार सकाळी चांगले निघालेले जॉब दुपारी कसे बिघडले याचा विचार करीत बसतो, आणि दोष बिचाऱ्या मशीनवर येतो.

ऑपरेटर, सेटर, प्रोग्रामर

या क्षेत्रातील कामाच्या पायऱ्या बाहेरच्या माणसाला चटकन दिसत नाहीत, त्यामुळे नोकरीच्या जाहिरातीतील शब्दांचा अर्थही लागत नाही. ऑपरेटर जॉब लावतो, सायकल सुरू करतो, झालेला जॉब काढतो, त्याची बर (कडेला राहिलेली धातूची खरखरीत धार) काढतो आणि ठरलेली मापे तपासतो. सेटर नव्या जॉबसाठी मशीन तयार करतो. तो फिक्स्चर (जॉब ठरावीक जागी धरणारा साचा) बसवतो, टूल लावतो, प्रत्येक टूलची लांबी आणि जॉबचा शून्यबिंदू मशीनला शिकवतो, पहिला जॉब काढून तो मंजूर करून घेतो आणि उत्पादन सुरू असताना काही बिघडले तर कारण शोधतो. प्रोग्रामर ड्रॉइंग किंवा संगणकावरील त्रिमितीय प्रतिकृती पाहून कामाचा क्रम ठरवतो, जॉब कुठे पकडायचा, आधी काय कापायचे, कोणते टूल वापरायचे हे निवडतो आणि प्रोग्राम लिहितो किंवा कॅम सॉफ्टवेअरमधून (प्रतिकृतीवरून प्रोग्राम बनवणाऱ्या संगणकीय साधनातून) तयार करून घेतो. यांच्या बरोबरीने साचे आणि फिक्स्चर बनवणारे टूल रूमचे कारागीर असतात, मापन विभागात त्रिमितीय मापनयंत्रावर काम करणारे असतात आणि मशीन बंद पडल्यावर धावून येणारे दुरुस्ती विभागातील लोक असतात. या शेवटच्या मंडळींना यांत्रिक, विद्युत आणि नियंत्रण प्रणाली अशा तिन्ही बाजूंचे ज्ञान लागते.

ऑपरेटरवरून सेटरवर जाणे हा या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि माझ्या मते प्रशिक्षणाची पारख याच टप्प्यावर होते. केवळ लोडिंग-अनलोडिंग शिकलेला तरुण पाच वर्षांनंतरही तेच काम करीत असतो, त्याच्या जागी दुसरा कंत्राटी कामगार आठवडाभरात आणता येतो, आणि रोबोटचा हात आणला तर त्याचीही गरज राहत नाही. सेटरचे काम मात्र रोबोट आल्यावर वाढते, कारण आता जॉब आणि टूलच्या जोडीला रोबोटची पकड, त्याच्या हालचालींचे बिंदू आणि मशीनशी होणारी संकेतांची देवाणघेवाण हेही कोणीतरी जुळवून द्यावे लागते.

पाया कशाचा असतो

पहिला आधार हाताच्या कामाचा. आयटीआयमध्ये (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत) फिटरच्या किंवा मशिनिस्टच्या ट्रेडला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीचे कित्येक आठवडे व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून कानस चालवावी लागते. तो तुकडा काटकोनात आणि सपाट आणेपर्यंत हात दुखून येतात. संगणकाच्या युगात हे कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे की सपाटपणा, काटकोन आणि समांतरता या कल्पना कागदावर सोप्या दिसतात, परंतु धातूच्या तुकड्यावर त्या आणणे किती कठीण असते याची जाणीव झाल्याशिवाय ड्रॉइंगवरच्या चिन्हांचा अर्थ अंगात मुरत नाही. काटकोन तपासणाऱ्या गुण्याखालून डोकावणारा प्रकाशाचा कवडसा ज्याने शंभर वेळा पाहिला आहे, त्याला व्हीएमसीवर व्हाइसचा जबडा डायल गेजने (सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या काट्याच्या उपकरणाने) सरळ करताना नेमके काय साधायचे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याचप्रमाणे साध्या लेथवर हाताने चाक फिरवून कापताना धातूचा प्रतिकार हाताला जाणवतो. नंतर सीएनसीवर काचेच्या दारामागे तेच घडत असताना फीड जास्त झाले आहे की कमी, हे त्या अनुभवावरून ओळखता येते.

दुसरा आधार ड्रॉइंगचा. वस्तूची समोरची, वरची, बाजूची दृश्ये कागदावर मांडण्यासाठी भारतात प्रथम कोन प्रक्षेपणाची पद्धत वापरली जाते, तर अमेरिकी ग्राहकांची ड्रॉइंग बहुधा तृतीय कोन पद्धतीची असतात. दोन्हींमध्ये दृश्यांच्या जागा उलटसुलट असतात. निर्यातीचे काम करणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील पद्धत दाखवणारे छोटे चिन्ह न पाहता काम सुरू केले, तर भोक चुकीच्या बाजूला पडून सगळा लॉट भंगारात जाऊ शकतो. सममितता, समकेंद्रता, स्थान, रनआउट (फिरताना होणारा डोल) यांची चिन्हे आणि त्यांच्यापुढच्या चौकटीतील आधारपृष्ठांची अक्षरे वाचता येणे ही नोकरीच्या मुलाखतीत सर्वांत आधी तपासली जाणारी गोष्ट आहे. जॉब कोणत्या पृष्ठावर टेकवून पकडायचा, हे बहुतेकदा त्या अक्षरांवरूनच ठरते.

तिसरा आधार मापनाचा. नेहमीच्या व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येते. मायक्रोमीटरच्या स्क्रूचा पिच अर्धा मिलिमीटर असतो आणि थिंबलवर पन्नास रेषा असतात, म्हणून तो ०.०१ मिलिमीटर दाखवतो. वर पाहिलेल्या १३ मायक्रॉनच्या जागेसाठी हेही पुरेसे नसते. तिथे मिलिमीटरचा हजारांश दाखवणारे उपकरण, ठरावीक मापाचे गेज आणि तुलनेसाठी मास्टर (अचूक मापाचा नमुना) लागतो. ज्या संस्थेत विद्यार्थ्याला फक्त व्हर्नियर हाताळायला मिळतो आणि भोकाचा व्यास मोजणारा बोअर गेज कपाटात कुलूपबंद असतो, तिथे त्याचे प्रशिक्षण अर्धेच होते.

आणि चौथा आधार गणिताचा, ज्याला बरेच विद्यार्थी विनाकारण घाबरतात. लागणारे गणित दहावीच्या पलीकडचे नाही, परंतु ते चटकन आणि बिनचूक करता आले पाहिजे. ४० मिलिमीटरवरून ३० मिलिमीटरवर ५० मिलिमीटर लांबीत उतरणारा टेपर (निमुळता भाग) असेल, तर त्याचा अर्धा कोन टॅनच्या सूत्राने सुमारे ५.७१ अंश येतो. कापण्याचा वेग मिनिटाला १५० मीटर ठेवायचा असेल, तर ५० मिलिमीटर व्यासाच्या जॉबला मिनिटाला सुमारे ९५५ फेरे द्यावे लागतात आणि व्यास २५ झाला की १,९१० लागतात. आधुनिक लेथ हा हिशेब स्वतः करतो आणि व्यास कमी होईल तसे फेरे वाढवीत नेतो. मात्र टूल जॉबच्या मध्यबिंदूकडे जाते तेव्हा व्यास शून्याकडे जातो आणि सूत्राप्रमाणे फेरे अमर्याद वाढू लागतात. जसे फेरे वाढतात तसे चकचे जबडे बाहेरच्या बाजूला ओढले जातात आणि पकड सैल होते. म्हणून प्रोग्राममध्ये कमाल फेऱ्यांची मर्यादा लिहिणे अनिवार्य असते. ती ओळ विसरली, तर जड जॉब चकमधून सुटून दारावर आदळू शकतो. दहावीचे सूत्र आणि माणसाचा जीव यांचा संबंध इतका थेट आहे.

कोल्हापूरकडे काम करायचे असेल तर आणखी एक गोष्ट शिकावी लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फाउंड्री, म्हणजे धातूचे ओतकाम करणारे कारखाने, मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या आसपास ओतीव भागांवर काम करणारी मशीन शॉप आहेत. ओतीव लोखंडाच्या पृष्ठभागावर वाळूचे कण चिकटलेले असतात आणि वरचा थर लवकर थंड झाल्याने कडक झालेला असू शकतो. पहिला काप फार उथळ घेतला, तर टूलचे टोक त्या वाळूत आणि कडक थरात घासत राहते आणि इन्सर्ट पाहता पाहता संपते. म्हणून पहिला काप त्या थराच्या खालून जाईल एवढा खोल घेतात. कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, मशीनिंगसाठी किती धातू शिल्लक ठेवला आहे, हे आधी मोजून पाहण्याची सवय तिथल्या चांगल्या सेटरला असते.

शिकण्याचे मार्ग

भारतात शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली आणि आजच्या आयटीआय तिच्याच चौकटीत चालतात. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, जवळपास प्रत्येक तालुक्यात एक. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत त्यांचे प्रवेश ऑनलाइन आणि दहावीच्या गुणांवर होतात. मुलींसाठीही जागा राखीव असतात आणि त्या भरल्या जाव्यात असे मला मनापासून वाटते, कारण जड जॉब उचलायला आता क्रेन आणि होइस्ट असतात आणि सेटिंगच्या कामात बळापेक्षा बारकावा लागतो. यंत्रकामासाठी टर्नर, मशिनिस्ट, फिटर आणि टूल अँड डाय मेकर हे दोन वर्षांचे ट्रेड उपयोगी आहेत. अलीकडे काही संस्थांमध्ये प्रगत सीएनसी मशीनिंग, औद्योगिक रोबोटिक्स अशा नावांचे ट्रेडही सुरू झाले आहेत. अभ्यासक्रम संपल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. शासकीय संस्थांची फी अत्यंत कमी असते, हा या मार्गाचा फार मोठा गुण आहे. मशीनची आणि कच्च्या मालाची उपलब्धता मात्र संस्थेगणिक बदलते.

ही उणीव भरून काढण्यासाठी २०१६ पासून दुहेरी प्रशिक्षण पद्धतीची सोय करण्यात आली, ज्यात काही काळ संस्थेत आणि काही काळ कारखान्यात शिकायचे असते. तिचे मूळ जर्मनीत आहे. तिथे मशीनिंगचा कारागीर साडेतीन वर्षे शिकतो, आठवड्यातील बहुतेक दिवस तो कंपनीत असतो आणि उरलेले व्यवसाय शाळेत, त्याचा करार कंपनीशी होतो, त्याला पहिल्या दिवसापासून वेतन मिळते आणि शेवटी परीक्षा कंपनीबाहेरची मंडळी घेतात. ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. ज्याने शिकवले त्यानेच उत्तीर्ण ठरवायचे नाही, या एका नियमामुळे प्रमाणपत्राला वजन येते.

जर्मनीशी असलेला हा धागा महाराष्ट्रातही आहे. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाखालील संस्था दोन्ही देशांच्या सहकार्यातून उभी राहिली. तिथे दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगची चार वर्षांची पदविका घेता येते. अशा टूल रूमचे वैशिष्ट्य असे की त्या कारखान्यांसाठी खरोखरचे साचे आणि टूल बनवून देतात, त्यामुळे विद्यार्थ्याच्या हातून निघणारा जॉब ग्राहकाच्या कामाचा असतो. दक्षिणेत १९५९ साली स्विस मदतीने केरळमधील थलश्शेरी येथे सुरू झालेल्या एनटीटीएफ या प्रशिक्षण संस्थेनेही टूल मेकरच्या पिढ्या घडवल्या आहेत. जागा मर्यादित असतात आणि शासकीय आयटीआयच्या तुलनेत फी जास्त असते, परंतु झेपत असेल तर दहावीनंतर यांत्रिक कामाकडे जाणाऱ्याने हा पर्याय आधी पाहावा, असे माझे मत आहे.

तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका हा तिसरा मार्ग. त्यात सिद्धांत अधिक आणि मशीनवरचे तास कमी असतात, मात्र पुढे अभियांत्रिकी पदवीकडे जाण्याची वाट खुली राहते. दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची संधी असते. आधी आयटीआय आणि मग पदविका असा क्रम घेतलेल्या विद्यार्थ्याकडे हाताचे कौशल्य आणि कागदावरची समज दोन्ही असतात.

तीन-चार महिन्यांच्या खाजगी सीएनसी वर्गांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ज्याने आधी टर्नर किंवा मशिनिस्ट म्हणून शिक्षण घेतले आहे, किंवा जो वर्षभर ऑपरेटर आहे आणि ज्याला मशीनच्या कंट्रोलवर (नियंत्रण संगणकावर) प्रोग्राम लिहायला शिकायचे आहे, त्याला असा वर्ग फार उपयोगी पडतो. ज्याने कधी मायक्रोमीटर हातात घेतलेला नाही, त्याला तोच वर्ग संगणकाच्या पडद्यावर टूल हलवायला शिकवतो आणि कारखान्याच्या दारात सोडून देतो. अशा वर्गांची फी कधी कधी शासकीय आयटीआयच्या संपूर्ण अभ्यासक्रमापेक्षाही जास्त असते, त्यामुळे कर्ज काढून ती भरण्यापूर्वी चौकशी केलीच पाहिजे.

चौकशी कशाची करायची? संस्थेत जाऊन मशीन पाहावे आणि त्याच्या चिप ट्रेमध्ये ताज्या चिप आहेत का ते पाहावे, म्हणजे ते मशीन खरोखर चालते की नाही हे कळते. एका मशीनवर एका वेळी किती विद्यार्थी असतात आणि प्रत्येकाला स्वतः सेटिंग करून पहिला जॉब काढायला मिळतो का, हे विचारावे. इन्सर्ट कोण पुरवते आणि विद्यार्थ्याच्या हातून एखादे तुटले तर काय होते, हेही विचारावे. जिथे तुटण्याच्या भीतीने मशीनला हात लावू दिला जात नाही, तिथे शिकणे होत नाही. निदेशकाने स्वतः कारखान्यात काम केले आहे का, आणि मोजण्याच्या उपकरणांवर कॅलिब्रेशनची (अचूकता तपासल्याची) तारीख आहे का, एवढे पाहिले तरी बराच उलगडा होतो.

सुरक्षेची शिस्त प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून लावली जाते का, हे मी या सर्वांपेक्षा वरचे मानतो. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोजा अडकला की हात ओढला जातो. चिप हाताने काढायची नाही, हूक किंवा ब्रश वापरायचा. दाराचे इंटरलॉक (दार उघडे असताना मशीन चालू न देणारी सोय) कोणत्याही कारणासाठी निकामी करायचे नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत, विशेषतः पॉवर प्रेसवर (दाबाने पत्रा कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या यंत्रावर), बोटे गमावणारे तरुण आजही आहेत, आणि त्यांतील अनेकांना सुरक्षेचा सेन्सर बंद करून काम करण्यास सांगितलेले असते. त्याला नकार देता येण्यासाठी आधी ते चुकीचे आहे हे ठामपणे माहीत असावे लागते, आणि ते शिकवणे प्रशिक्षण देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

शिकाऊ उमेदवारी

आयटीआयनंतर थेट नोकरी शोधण्यापेक्षा शिकाऊ उमेदवारी करावी. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे. त्याखालील नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के एवढे शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. उमेदवाराला विद्यावेतन मिळते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार विहित विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिन्याला कमाल १,५०० रुपयांपर्यंत, वाटा उचलते. आयटीआय उत्तीर्णांसाठी ही उमेदवारी साधारण एक वर्षाची असते आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळवता येते. सार्वजनिक क्षेत्रातील अनेक भरतींमध्ये हे प्रमाणपत्र विचारले जाते.

काही ठिकाणी 'शिकाऊ' या नावाखाली नेहमीच्या कामगाराचे काम कमी पैशांत करून घेतले जाते आणि वर्षभर एकाच मशीनवर एकच जॉब लावायला ठेवले जाते. याची खातरजमा करण्याचे साधन उमेदवाराकडे असते. करार शासनाच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का आणि त्यात ट्रेडचे नाव आपल्याच प्रमाणपत्रातले आहे का, हे रुजू होण्यापूर्वीच पाहावे. विद्यावेतन बँक खात्यात जमा होते की रोख हातावर टेकवले जाते, याकडे लक्ष ठेवावे. वर्षभरात टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग, मापन अशा कोणकोणत्या विभागांत फिरवणार, हे पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षण अधिकाऱ्यांना विचारावे आणि शक्य असल्यास लेखी घ्यावे. एक वही ठेवून तिच्यात प्रत्येक नव्या सेटिंगचा जॉब, धातू, वापरलेले टूल, वेग, फीड आणि आलेली अडचण लिहीत जावे. कंपनीचे ड्रॉइंग किंवा प्रोग्राम मात्र त्यात उतरवू नयेत, ते ग्राहकाच्या मालकीचे असतात. सेटरच्या जागेसाठी मुलाखतीला बसल्यावर 'पातळ भिंतीची स्लीव्ह (पोकळ नळी) दबत होती तेव्हा काय केले?' असा प्रश्न येतो. ज्याने मऊ धातूचे जबडे जॉबच्या आकाराप्रमाणे आतून कापून, पकडीचा दाब कमी करून तो जॉब स्वतः मापात आणला आहे आणि त्या दिवशी ते लिहून ठेवले आहे, त्याला उत्तर पाठ करावे लागत नाही.